उत्तर पश्चिम घाटातील जैवविविधतेचे वितरण

उत्तर पश्चिम घाटातील जैवविविधतेचे वितरण म्हणजे तापी नदीपासून गोव्यापर्यंतच्या सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याच्या कोकणपट्टीत वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांच्या प्रजाती कोठे, किती आणि कोणत्या कारणांमुळे आढळतात याचे स्वरूप. पश्चिम घाट ही जगातील महत्त्वाच्या जैवविविधता क्षेत्रांपैकी एक पर्वतरांग आहे. मात्र तिच्यातील प्रजाती सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नाहीत. सदाहरित वृक्ष, उभयचर, गोड्या पाण्यातील मासे अशा अनेक गटांची संख्या दक्षिणेकडून उत्तरेकडे घटत जाते. या घटीचे कारण पावसाच्या एकूण प्रमाणात फारसे नसून वर्षातील कोरड्या महिन्यांच्या संख्येत अधिक आहे, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वसलेले गणेशपुरी आणि त्याभोवतीचा तानसा–तुंगारेश्वर परिसर हा या वितरणाच्या उत्तर टोकाजवळील प्रदेश आहे. पानझडी सागवने, उष्ण पाण्याचे झरे आणि मुंबई महानगराच्या विस्ताराने वेढली जात असलेली जंगले येथे एकत्र आढळतात. त्यामुळे प्रजातींच्या वितरणाचे खंडीय पातळीवरील नियम एका लहान खोऱ्यात कसे उतरतात, हे समजून घेण्यासाठी हा परिसर उपयुक्त आहे.

## संकल्पना

एखाद्या ठिकाणी कोणत्या प्रजाती राहतात हे ठरवणारी कारणे वेगवेगळ्या पातळ्यांवर काम करतात. ओढ्याकाठी जांभूळ आणि उतारावर साग का वाढतो, याचे उत्तर माती, ओलावा व सावली यांत मिळते. सह्याद्रीच्या दक्षिण भागात वृक्षांच्या जितक्या प्रजाती आहेत तितक्या उत्तर भागात का नाहीत, याचे उत्तर मात्र हवामान, भूगर्भीय इतिहास आणि उत्क्रांती यांत शोधावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचा अभ्यास जीवभूगोल आणि मॅक्रोइकॉलॉजी या शाखांत केला जातो. मॅक्रोइकॉलॉजी ही संज्ञा जेम्स ब्राउन आणि ब्रायन मॉरर यांच्या १९८९ मधील लेखामुळे रूढ झाली.

या अभ्यासाची मुळे बरीच जुनी आहेत. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर उंचीनुसार बदलत जाणाऱ्या वनस्पतींची नोंद केली. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना सजीवांची विविधता कमी होत जाते, हेही त्यांनी निदर्शनास आणले. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७६ मध्ये प्राण्यांच्या वितरणावरून जगाचे सहा प्रदेशांत विभाजन केले. त्यांच्या मांडणीत भारतीय द्वीपकल्पाचे दक्षिण टोक श्रीलंकेसह एका उपप्रदेशात येते, तर उत्तरेकडील भाग वेगळ्या उपप्रदेशात येतो. द्वीपकल्पाचा दक्षिण भाग प्राणिजीवनाच्या दृष्टीने वेगळा आहे, ही जाणीव अशा रीतीने दीडशे वर्षांची आहे.

## भौगोलिक पार्श्वभूमी

पश्चिम घाट सुमारे १,६०० किमी लांबीचा असून तो तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीजवळपर्यंत पसरलेला आहे. केरळ–तमिळनाडू सीमेवरील पालघाट खिंड हा या रांगेतील सर्वांत रुंद खंड होय. नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या जैवविविधता संवेदनशील क्षेत्रांच्या संकल्पनेनुसार पश्चिम घाट आणि श्रीलंका यांचा एकत्रित समावेश जागतिक यादीत होतो. या यादीत येण्यासाठी त्या प्रदेशात किमान १,५०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र न आढळणाऱ्या, संवहनी वनस्पती असाव्या लागतात आणि मूळ अधिवासाचा किमान ७० टक्के भाग नष्ट झालेला असावा लागतो. म्हणजेच ही यादी समृद्धीबरोबरच हानीचीही निदर्शक आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत. चारही गणेशपुरीच्या बरीच दक्षिणेस आहेत.

गणेशपुरी साधारण १९.५° उत्तर अक्षांशावर, घाटमाथ्याच्या पश्चिमेस उत्तर कोकणच्या सखल भागात आहे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या या तलावाच्या पाणलोट क्षेत्रातील जंगल पुढे तानसा वन्यजीव अभयारण्यात समाविष्ट झाले. धरणानंतर नदी गणेशपुरी, अकलोली व वज्रेश्वरीवरून पश्चिमेस वाहत जाऊन वैतरणेला मिळते. खोऱ्याच्या नैऋत्येस वसई तालुक्यातील तुंगारेश्वराचे डोंगर आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेस सुमारे ८५० मी. उंचीचा माहुलीचा डोंगर उभा आहे.

येथील वने मुख्यतः आर्द्र पानझडी प्रकारची आहेत. साग, ऐन, हेद, कळंब, बिबळा, धावडा, खैर, मोह, पळस, काटेसावर आणि बांबू ही त्यांतील प्रमुख झाडे होत. ओढ्यांच्या काठी जांभूळ, करंज व उंबर यांसारखी हिरवी राहणारी झाडे टिकून असतात. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत उतारांवरील बहुतेक झाडे निष्पर्ण असतात.

## दक्षिण–उत्तर उतार

### पावसाचे प्रमाण आणि कोरडा काळ

पाऊस जास्त तेथे प्रजाती जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. पश्चिम घाटात हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. महाबळेश्वर येथे वर्षाला साडेपाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो. तिरुवनंतपुरम येथील सरासरी सुमारे १,८०० मिमी आहे. तरीही त्या शहरामागच्या अगस्त्यमलई डोंगरांत सदाहरित वृक्षांच्या प्रजाती महाबळेश्वरपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

याचा उलगडा पावसाच्या वेळापत्रकातून होतो. उत्तर कोकणात जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नैऋत्य मोसमी वारे दक्षिणेकडून येतात आणि परततानाही दक्षिण भाग शेवटी सोडतात. शिवाय दक्षिण टोकाला एप्रिल–मे मधील वळवाचा आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमधील ईशान्य मोसमी पाऊस मिळतो. परिणामी दक्षिण टोकाला कोरडा काळ दोन ते तीन महिन्यांचा असतो, तर उत्तरेकडे तो सात ते आठ महिन्यांपर्यंत लांबतो. गणेशपुरीच्या परिसरात वर्षाला सरासरी अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. हे प्रमाण सदाहरित वनाला पुरेसे असले, तरी ऑक्टोबरनंतरचा दीर्घ कोरडा काळ सोसू न शकणाऱ्या प्रजाती येथे रुजू शकत नाहीत.

पुद्दुचेरी येथील फ्रेंच संस्थेत जे. पी. पास्कल यांनी १९८० च्या दशकात पश्चिम घाटातील सदाहरित वनांचे वर्गीकरण केले. त्यात कोरड्या महिन्यांची संख्या हा एक मुख्य निकष होता. प्रिया दविदार व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही वृक्षांची विविधता पावसाच्या हंगामीपणाशी निगडित असल्याचे दिसले: कोरडा काळ वाढतो तसतशी वृक्षांची विविधता घटते आणि थोड्याच प्रजातींचे प्राबल्य वाढते.

### गळत जाणारी यादी

ही घट अचानक होत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना एकेक प्रजाती आपल्या सहनशक्तीच्या मर्यादेवर थांबते. दक्षिणेतील मध्यम उंचीवरील सदाहरित वनांत कुलेनिया, नागचाफा व पॅलाक्विअम यांचा समुच्चय प्रमुख असतो. डिप्टेरोकार्पस इंडिकस हा उंच वृक्ष उत्तर कन्नड जिल्ह्याच्या आसपास थांबतो. सिंहपुच्छ वानराची उत्तर सीमाही त्याच जिल्ह्यात आहे. महाबळेश्वर, भीमाशंकर येथे उरणाऱ्या सदाहरित वनांत अंजनी, जांभूळ व पिसा यांचे प्राबल्य असते. त्याही उत्तरेस आणि सखल भागात सदाहरित वृक्ष केवळ दऱ्या, ओढे आणि देवराया यांच्या आश्रयाने राहतात, तर मोकळे उतार सागासारख्या पाने गाळणाऱ्या झाडांनी व्यापलेले असतात.

पाने गाळणे हा कोरड्या काळावरील उपाय आहे. पाने नसली की बाष्पोत्सर्जन थांबते आणि झाड जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर उन्हाळा काढते. त्यामुळे उत्तरेतील वन हे निव्वळ दक्षिणेतील वनाची दरिद्री आवृत्ती ठरत नाही. त्यातील काही प्रजाती दक्षिणेकडील यादीचे अवशेष आहेत, तर काही मध्य भारतातील कोरड्या वनांशी नाते सांगणाऱ्या आहेत.

## उंची व पूर्व–पश्चिम बदल

दक्षिणेत अनाईमुडीची उंची २,६९५ मी. आहे, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. आहे. उंच पठारांवरील गवताळ प्रदेश आणि त्यांतील शोला वने यांसारखे थंड हवेचे अधिवास उत्तरेत तयार होत नाहीत. निलगिरी ताहरसारखे प्राणीही म्हणूनच उत्तरेत आढळत नाहीत.

पूर्व–पश्चिम दिशेत बदल अधिक वेगाने होतो. कोकणातून घाटमाथ्यावर पाऊस वाढत जातो आणि माथा ओलांडल्यावर काही दहा किलोमीटरांत पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. द्वीपकल्पाच्या व्यापक पातळीवर पाहता आणखी एक सीमा दिसते. पश्चिमेकडे सागवने आणि राखी रानकोंबडा, तर पूर्वेकडे व उत्तरेकडे सालवने आणि लाल रानकोंबडा अशी ही विभागणी आहे. महाराष्ट्रात लाल रानकोंबडा पूर्व विदर्भात आढळतो. तानसा खोरे पूर्णपणे सागाच्या आणि राखी रानकोंबड्याच्या बाजूस येते.

## भूगर्भीय व उत्क्रांतीविषयक कारणे

आजचे हवामान सर्व वितरणाचा खुलासा करत नाही. भारतीय भूखंड सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून वेगळा झाला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडाला भिडला. या प्रवासाच्या खुणा काही सजीवांत टिकून आहेत. २००३ मध्ये वर्णन केलेल्या नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. हा बेडूक दक्षिण पश्चिम घाटात राहतो.

या प्रवासादरम्यान, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर प्रचंड प्रमाणात लाव्हा पसरला. उत्तर सह्याद्री याच बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे, तर दक्षिणेकडील पर्वत कितीतरी जुन्या खडकांचे आहेत. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी २०१३ मध्ये डिजिटिपेस नावाच्या गोमींच्या गटासह काही प्राणिगटांच्या वंशवृक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्वालामुखीच्या काळात दक्षिण पश्चिम घाट हा प्राचीन सजीवांचा आश्रय ठरला असावा आणि उत्तरेकडील प्रदेश नंतर तेथून आलेल्या वंशांनी व्यापला असावा, या कल्पनेची त्यात तपासणी करण्यात आली. या कल्पनेनुसार उत्तरेतील कमी विविधतेमागे कोरड्या काळाबरोबरच कमी मिळालेला अवधी हेही कारण ठरते.

पश्चिम घाटातील काही माशांचे व पक्ष्यांचे नातेवाईक मधला हजारो किलोमीटरांचा कोरडा प्रदेश ओलांडून थेट ईशान्य भारत आणि मलाया येथे आढळतात. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात यासाठी सातपुडा गृहीतक मांडले. पूर्वी अधिक आर्द्र असलेल्या विंध्य–सातपुडा रांगांवरून वेगवान प्रवाहांत राहणारे मासे पश्चिमेकडे सरकले आणि उत्तर सह्याद्रीतून दक्षिणेस पोहोचले, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व गटांना हे गृहीतक लागू पडत नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी उत्तर सह्याद्री हा दोन रांगांमधील सांधा आहे, ही त्यातील कल्पना आजही उपयोगी आहे.

## उत्तरेची प्रदेशनिष्ठता

एकूण संख्या कमी असली तरी उत्तर पश्चिम घाटाचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे. दक्षिणेतील प्रदेशनिष्ठ वनस्पतींत वृक्षांचे प्रमाण लक्षणीय आहे. उत्तरेत लहान औषधी, गवते व कंदवर्गीय वनस्पती अधिक आहेत. चार महिने ओल आणि आठ महिने उन्हाचा ताण अशा सड्यांवर व कड्यांवर पावसाळ्यात उगवून फुलणाऱ्या आणि नंतर कंद किंवा बी रूपाने जमिनीत दडणाऱ्या वनस्पती यशस्वी ठरतात. कंदीलपुष्पांच्या अनेक प्रजाती, गेंदसारखी सड्यांवरील फुले आणि शिवनेरीसह मोजक्याच डोंगरकड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी ही याची उदाहरणे होत. म्हणजे ज्या हंगामीपणामुळे सदाहरित वृक्ष गळतात, त्याच हंगामीपणाने दुसऱ्या एका गटाला संधी दिली आहे.

प्राण्यांतही असे गट आहेत. क्रेम्नोकॉन्कस या गोगलगायी समुद्रकिनाऱ्यावरील गोगलगायींच्या कुळातील असून खंडाळा, महाबळेश्वर अशा भागांतील धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर राहतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांचा घाटियाना हा गट २०१४ मध्ये प्रथम वर्णिला गेला आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या घाटांतून त्यातील अनेक नव्या प्रजाती समोर आल्या. एकविसाव्या शतकातही नव्या प्रजाती मिळत असल्यामुळे उत्तरेतील प्रजातींच्या आजच्या आकड्यांना अंतिम मानता येत नाही.

## उष्ण झरे व सूक्ष्मजीव

पालघर जिल्ह्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी उष्ण पाण्याच्या झऱ्यांची एक दक्षिणोत्तर रांग आहे. गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी येथील कुंडे तिच्यात मोडतात. जमिनीत खोल मुरलेले पाणी तापून बेसॉल्टमधील भेगांवाटे वर येते. तानसा खोऱ्यातील झऱ्यांचे तापमान साधारण ४०° ते ६०° सेल्सिअसच्या दरम्यान असते.

उष्णताप्रिय जीवाणूंच्या दृष्टीने असा प्रत्येक झरा हे थंड पाण्याने व जमिनीने वेढलेले बेटच असते. सूक्ष्मजीव इतके लहान असतात की ते सर्वत्र पोहोचतात आणि कोठे टिकायचे हे फक्त पर्यावरण ठरवते, असे मत लॉरेन्स बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडले होते. या मताला २००३ मध्ये महत्त्वाचा छेद मिळाला. रशिया, उत्तर अमेरिका व आइसलँड येथील उष्ण झऱ्यांतील एकाच प्रकारच्या आर्किया सूक्ष्मजीवांची जनुके तपासली असता अंतराबरोबर त्यांच्यातील फरक वाढत असल्याचे आढळले. म्हणजे वृक्ष व बेडकांप्रमाणे काही सूक्ष्मजीवांनाही भौगोलिक सीमा असतात. कोकणातील झऱ्यांची रांग हा प्रश्न तपासण्यासाठी सोयीची आहे, कारण तेथे खडक व हवामान बऱ्याच अंशी सारखे असून अंतर तेवढे बदलते. काँक्रीटने बांधलेल्या आणि साबणाचे पाणी मिसळणाऱ्या कुंडांत मात्र मूळ सूक्ष्मजीवसमूह टिकणे अवघड असते.

## नोंदींतील पोकळी : रानपिंगळा

वितरणाचा नकाशा हा प्रजाती कोठे आहेत याबरोबरच निरीक्षक कोठे गेले याचाही नकाशा असतो. प्रजातींच्या भौगोलिक विस्ताराविषयीच्या या अपुऱ्या माहितीला जीवभूगोलात वॉलेस यांच्या नावाने ओळखले जाते. तानसा परिसर हे तिचे ठळक उदाहरण आहे.

रानपिंगळा हा दिवसाही वावरणारा लहान घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी वर्णिला. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ, यावल आणि मध्य प्रदेशातील लगतच्या वनांत त्याची नोंद झाली. हा पक्षी मध्य भारतातील कोरड्या सागवनांचा रहिवासी आहे, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली.

२०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात आढळला. पश्चिम घाट परिसरातील ही त्याची पहिली नोंद होती. नंदुरबार जिल्ह्यातील आधीच्या ठिकाणांपासून हे स्थान सुमारे दोनशे किलोमीटर नैऋत्येस आहे. त्यानंतर दक्षिण गुजरातमधील पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली, ज्यामुळे सातपुडा आणि तानसा यांमधील अंतर काहीसे सांधले गेले. वाढलेल्या ज्ञात विस्ताराचा विचार करून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये या पक्ष्याला अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आणले.

मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. ज्या शहरात पक्षिअभ्यासाची इतकी जुनी परंपरा आहे, त्या शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाकाठी जगातील एक दुर्मीळ पक्षी २०१४ पर्यंत नोंदीत आला नव्हता. सागवने सदाहरित वनांपेक्षा कमी महत्त्वाची मानली गेल्यामुळे तेथे पाहणी कमी होते आणि पाहणी कमी झाल्यामुळे ती प्रजातींच्या दृष्टीने रिकामी वाटतात. हे चक्र तोडण्याचा उपाय म्हणजे प्रदेशाचे समान चौकोन पाडून प्रत्येकात सारख्या पद्धतीने गणना करणे. केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात शेकडो स्वयंसेवकांनी अशा रीतीने राज्याचा पक्षी नकाशासंग्रह तयार केला.

## क्षेत्रफळ, तुकडे व संचारमार्ग

मोठ्या क्षेत्रात अधिक प्रजाती राहतात, हा जीवभूगोलातील सर्वांत खात्रीचा नियम आहे. रॉबर्ट मॅकार्थर व एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या बेटांच्या जीवभूगोलाच्या सिद्धान्तानुसार बेटावरील प्रजातींची संख्या नव्याने येणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या प्रजातींच्या समतोलावर ठरते. बेट लहान असेल तर प्रजाती लवकर नष्ट होतात आणि दूर असेल तर त्यांची जागा घेणाऱ्या कमी येतात. प्रजातींची संख्या क्षेत्रफळाच्या साधारण ०.२५ इतक्या घातांकाने वाढते असे धरले, तर क्षेत्र एक दशांश झाल्यास कालांतराने जवळजवळ निम्म्याच प्रजाती टिकतात. रस्ते व वसाहतींनी वेढलेल्या वनांनाही हा विचार लावला जातो.

तानसा अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे ३०५ चौ. किमी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ आणि तुंगारेश्वर अभयारण्याचे सुमारे ८५ चौ. किमी आहे. तिन्ही मिळून सुमारे ४९४ चौ. किमी होतात. वरील घातांक वापरून केलेला हिशेब पुढीलप्रमाणे आहे. तिन्ही क्षेत्रे जोडलेली असताना जितक्या प्रजाती टिकतील, त्यांच्या तुलनेत पूर्णपणे एकटे पडलेले तानसा सुमारे ८९ टक्के, संजय गांधी उद्यान सुमारे ६८ टक्के आणि तुंगारेश्वर सुमारे ६४ टक्के प्रजाती टिकवू शकेल. अभयारण्याबाहेरील वने यात धरलेली नाहीत आणि प्रत्येक प्रजाती तुकडीकरणाला वेगळा प्रतिसाद देते. त्यामुळे हे आकडे भाकीत नसून जोडणीचे मोल दाखवणारे उदाहरण आहेत. लहान क्षेत्राला जोडणीचा लाभ सर्वाधिक होतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

असा संचार प्रत्यक्षात होतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. २००९ मध्ये माळशेज घाट परिसरात सोडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला उपग्रहाद्वारे मागोवा घेणारा पट्टा लावलेला होता. विद्या अत्रेय यांच्या संशोधनात या बिबट्याने महामार्ग, लोहमार्ग व वस्त्या ओलांडत सुमारे १२० किमी अंतर कापून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठल्याचे दिसले. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. बिबट्या रात्री शेतातून चालत जाऊ शकतो. बेडूक, खेकडे किंवा पक्ष्यांमार्फत बीजप्रसार होणारी सदाहरित झाडे यांच्यासाठी तेच अंतर फार मोठे ठरते. गणेशपुरीच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्या, ओढ्याकाठची झाडी आणि गावांच्या देवराया या तानसा व तुंगारेश्वर यांमधील पायऱ्यांप्रमाणे असल्याने त्यांचे महत्त्व क्षेत्रफळापेक्षा जास्त आहे.

## मानवी वापर व संवर्धन

तानसा खोऱ्यात वारली, मल्हार कोळी, कातकरी आणि इतर समाज पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. भाताच्या रोपवाटिकेसाठी फांद्या व पालापाचोळा जाळून केला जाणारा राब, मोहाची फुले वेचणे, कंद व रानभाज्या यांमुळे येथील वन माणसाच्या वापराने घडत आले आहे. त्यामुळे आजचे सागवन कितपत हवामानाचे आणि कितपत तोड, लागवड व वणव्यांचे फलित आहे, हे ठरवताना दोन्हींचा विचार करावा लागतो. देवराईत टिकलेले सदाहरित वृक्ष त्याच जागेवर दुसऱ्या प्रकारचे वन शक्य असल्याचे दाखवतात.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे सुमारे ९ किमी बाजूच्या चौकोनांत विभाजन करून त्यांची पर्यावरणीय संवेदनशीलता ठरवली. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये सुमारे ६०,००० चौ. किमी, म्हणजे घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील म्हणून सुचवला. अशा नकाशांत चौकोनाचा आकार महत्त्वाचा ठरतो. ९ किमीच्या चौकोनात एक डोंगररांग दिसते, परंतु गावाजवळची देवराई किंवा उष्ण झरा दिसत नाही. याउलट केवळ गावपातळीवर पाहिले तर ती देवराई कोणत्या मोठ्या मार्गाचा भाग आहे हे लक्षात येत नाही.

हवामान बदलाच्या संदर्भातही हीच दृष्टी उपयोगी पडते. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस तेवढाच राहून तो कमी दिवसांत पडू लागला, तर वार्षिक सरासरी बदलणार नाही. पण ज्या कोरड्या काळाने उत्तर सह्याद्रीतील प्रजातींची यादी ठरवली आहे, तो लांबेल. आपल्या उत्तर सीमेवर आधीच ताणाखाली असलेल्या सदाहरित प्रजातींवर त्याचा परिणाम प्रथम होण्याची शक्यता आहे. म्हणून सीमेवरील प्रदेशांतील ओढेकाठ व देवराया यांचे रक्षण आणि तेथील नियमित नोंदी यांना संवर्धनात विशेष स्थान दिले जाते.

## हे सुद्धा पहा

* पश्चिम घाट
* तानसा अभयारण्य
* तुंगारेश्वर अभयारण्य
* रानपिंगळा
* देवराई
* वज्रेश्वरी